मल्हारीमामांनी सरळ केलेलं पाणी

मल्हारीमामांना वाकडं काही बघवत नसे. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं दिसलं की ते बोलणाऱ्या माणसाला मध्येच थांबवून उठत, कॅलेंडर नीट करत आणि मग ‘हां, बोला’ म्हणत पुन्हा बसत. लग्नाच्या पंगतीत समोरच्याची पत्रावळ तिरकी पडली तरी यांचा हात शिवशिवायचा. कस्तुराबाई, म्हणजे मामांची बायको, सांगते की लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात ह्या माणसानं तिच्या कपाळावरची टिकली दोनदा सरकवून मधोमध आणली होती, आणि ती बिचारी समजली होती की हे प्रेम आहे.

संभाजीनगरात जालना रोडला लागून एक ज्युनिअर कॉलेज आहे. तिथल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मामा एकतीस वर्षं परिचर होते. हुद्दा शेवटून पहिला, पण प्रयोगशाळा त्यांची. बाटल्यांची लेबलं एका रेषेत, ब्युरेटच्या काचनळ्या ओळंब्यात, कपाटाच्या किल्ल्या उंचीप्रमाणे टांगलेल्या. मास्तर आले, गेले, निवृत्त झाले, एक-दोन तर वारलेसुद्धा; मामा होते तिथंच होते. गर्व म्हणावा असा त्यांना एकच. ते म्हणत, “एकतीस वर्सं झाली, माझ्या हातून एक चुकीची बाटली कुनाच्या हातात गेली नाय.” हे ते नव्या मुलांना दरवर्षी सांगत, आणि मुलं दरवर्षी हसत. पण गोष्ट खरी होती.

ही सरळपणाची खोड आली कुठून, तर मेंढरांमागून. मामांचं गाव करमाडच्या पलीकडं. वडील सांडू यांची दीडशे मेंढरं होती, आणि वर्षातले आठ महिने सगळं बिऱ्हाड पाठीवर. मुक्काम पडला की पाल उभं करायचं. पालाला मधोमध एक बांबू, आणि बांबूच्या डोक्याला बांधलेल्या दोऱ्या चहूबाजूंना मेखांना ताणलेल्या. सांडू रोज दिवेलागणीला फिरून एकेक दोरी बोटानं दाबून बघायचा आणि पोराला सांगायचा, “बांबू आपल्या ताकदीवर उभा नसतो रं. चौबाजूंनी सारखी वढ हाये म्हनून उभाय.” एकदा कंटाळ्यात मल्हारीनं एक दोरी ढिली बांधली. पहाटेच्या वाऱ्यात बांबू कलला, पाल चुलीवर आलं, सकाळची भाकरी राखेत गेली. त्या दिवशी बसलेली चापट मामांना साठीला टेकतानाही गालावर नेमकी कुठं बसली ते दाखवता येत असे. पुढं मेंढरं विकली, मामा रात्रशाळेत दहावी झाले, नोकरी लागली. पाल गेलं, पण बांबू डोक्यात राहिला.

आणि मग अकरावीच्या वर्गात प्रेरणा आली.

प्रेरणा वैजापूरची. वडील तिथल्या मार्केट यार्डात मापाडी, दिवसभर कांद्याची पोती तोलणारे. पोरीला जन्मापासून दिसत नाही. दहावीला गणितात ब्याण्णव मार्क पडले तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं, पेढे खाल्ले, आणि आता आर्ट्सला जा म्हणून सांगितलं. आपल्याकडं कौतुक असंच असतं, ते पेढ्याबरोबर संपतं. प्रेरणा म्हणाली, मला सायन्स पाहिजे. वडील तिला घेऊन इथं आले, मुलींच्या वसतिगृहात जागा मिळवली आणि ऑफिसच्या बाकावर दोन दिवस बसून राहिले.

विभागप्रमुख रामप्रसाद सर वाईट माणूस नव्हे. पण प्रयोगशाळेत ॲसिडनं भाजलेला एक हात त्यांनी तरुणपणी पाहिला होता, आणि तो त्यांच्या डोळ्यांसमोरून जात नव्हता. त्यांनी मापाड्यांना स्पष्ट सांगितलं, “पोरगी हुशार आहे, मला मान्य. पण रसायनशास्त्रात निम्मं बघणं असतं. रेणूंच्या आकाराचं प्रकरण पहिल्या चाचणीला आहे. ते तिला समजलं असं मला दिसलं तर ती राहील. नाही तर दिवाळीआधी मी तिला आर्ट्सला बदलून देतो. नंतर वर्ष वाया गेलं म्हणून रडायला नको.” वडिलांनी हात जोडले. प्रेरणानं फक्त विचारलं, “चाचणी कधी आहे, सर?”

पहिल्याच दिवशी ती पांढरी काठी टेकत प्रयोगशाळेच्या दारात आली, थांबली आणि नाक वर करून म्हणाली, “मामा, डावीकडं व्हिनेगरचा वास येतोय. काही उघडं राहिलंय का?”

मामांना राग आला. त्यांच्या प्रयोगशाळेत काही उघडं राहतं, हे ऐकायची त्यांना सवय नव्हती. पण जाऊन बघतात तर ॲसेटिक ॲसिडच्या बाटलीचं बूच किंचित तिरकं बसलेलं. तिरकं! तेही त्यांच्या कपाटात, आणि सापडलं कुणाला, तर जिला दिसत नाही तिला. मामांनी बूच नीट बसवलं आणि त्या दिवसापासून ते तिच्या पक्षात गेले.

तनुजा मॅडम रसायनशास्त्र शिकवायच्या. तरुण, भरभर बोलणाऱ्या, मनापासून शिकवणाऱ्या. वर्ग सुटल्यावर त्या प्रेरणाला घेऊन प्रयोगशाळेत बसायच्या. एके दुपारी मामा फडक्यानं टेबलं पुसत होते आणि मॅडम सांगत होत्या, “दोन अणू इलेक्ट्रॉनची जोडी वाटून घेतात, तो बंध. पण वाटणी सारखी होतेच असं नाही. ऑक्सिजन स्वतःकडे जास्त ओढतो, हायड्रोजन कमी पडतो. मग ऑक्सिजनची बाजू थोडी ऋण, हायड्रोजनची थोडी धन. सगळ्या रेणूला मिळून अशी दोन टोकं उरली, की तो रेणू पोलर.”

“म्हणजे ज्याच्यात ऑक्सिजन आहे तो पोलरच?” प्रेरणानं विचारलं.

“तसं नाही. कार्बन डायऑक्साइडमध्ये दोन ऑक्सिजन आहेत, दोघंही ओढतात, तरी तो पोलर नाही. ते आकारावर ठरतं.”

“ओढतात तर ओढतात. आकाराचा काय संबंध?”

मॅडम उठल्या, फळ्यावर दोन बाण काढले, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि ‘हे बघ’ म्हणून वळल्या. मग आपलीच जीभ चावून उभ्या राहिल्या.

मामांनी फडकं खाली ठेवलं. “म्याडम, मी सांगू का? हे पालाचं हाये.”

प्रयोगशाळेमागं लिंबाचं झाड आहे. तिथं मामांनी जळमटं काढायचा बांबू जमिनीत थोडा खोचला, वरच्या टोकाला दोऱ्या बांधल्या आणि प्रेरणाचे दोन्ही हात बांबूवर ठेवले. एका दोरीला मॅडम, अगदी समोरच्या बाजूच्या दोरीला मामा. “आता दोघंबी सारखंच वढतो. बांबू कुठं जातो सांग.”

“कुठंच जात नाही.”

“वढ लागती का?”

“लागते. बांबू नुसता थरथरतोय. पण हलत नाही.”

“आता ऱ्हा.” मामा दोरी घेऊन फिरले आणि मॅडमच्या बाजूला, थोडं अंतर ठेवून उभे राहिले. दोघांनी ओढलं. बांबू दोघांच्या बरोबर मधल्या दिशेला कलला आणि त्याच्याबरोबर प्रेरणाही एक पाऊल पुढं गेली. ती हसायला लागली. मग तिसरी दोरी लिंबाला बांधून तिन्ही बाजूंनी सारखी ओढ देऊन पाहिली, बांबू उभाच. त्यातली एक ढिली सोडली, बांबू कलला. प्रेरणानं सगळं दोनदोनदा करायला लावलं. मॅडमच्या तळहाताला दोरीचे वळ उठले.

“कळलं,” ती शेवटी म्हणाली. “ओढ असून भागत नाही. ती कुठल्या बाजूंनी आहे ते बघायचं. सगळ्या ओढींनी एकमेकींना मोडलं की रेणू पोलर नाही. एखादीकडं तोल गेला की पोलर.”

“हेच मी फळ्यावर काढत होते,” मॅडम म्हणाल्या.

आता प्रश्न होता हाताला लागतील असे रेणू करायचा. विकतचा प्लास्टिकचा संच होता, त्यात सगळे मणी सारखेच गुळगुळीत, रंग तेवढे वेगळे. मामांनी ते काम अंगावर घेतलं. कस्तुराबाईनं घोंगडीतून उरलेल्या लोकरीचे घट्ट गोळे वळून दिले, तो ऑक्सिजन. बारीक लाकडी मणी हायड्रोजन. कार्बनला रिठे, क्लोरीनला सागरगोटे, नायट्रोजनला चिंधी गुंडाळलेले खडे. सगळं ओवायला बांधकामाची तार. मॅडमनी एका शनिवारी कोनमापक घेऊन बसून प्रत्येकाला त्याचा आकार दिला, आणि प्रेरणानं टोचून दिलेल्या ब्रेलमधल्या नावाच्या चिठ्ठ्या दोऱ्यानं बांधल्या. मामा त्या वेळी परीक्षेच्या कोऱ्या उत्तरपत्रिका मोजायला ऑफिसात होते. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढचा घोटाळा इथून सुरू होतो.

सोमवारी तनुजा मॅडमना मतदारयाद्यांच्या कामाला बोलावणं आलं. आपल्याकडं मास्तर हा सरकारला कशाच्याही वेळी आठवणारा माणूस. बारा दिवस त्या घरोघर फिरणार होत्या, आणि तेराव्या दिवशी चाचणी. जाताना त्या प्रेरणाला म्हणाल्या, “नियम तुला कळलाय. आता एकेक रेणू हातात घे आणि स्वतः ठरव, पोलर आहे की नाही. मी आल्यावर सांग.” आणि मामांना म्हणाल्या, “मामा, हे सगळं तुमच्यावर सोपवते.”

सोपवलेली वस्तू मामा उघड्या टोपलीत ठेवणं शक्यच नव्हतं. त्यांनी थर्मामीटरची एक जुनी लाकडी पेटी काढली, लांब सरळ खाचांची. आत घोंगडीचा तुकडा अंथरला. चार हातांचे, तीन हातांचे रेणू तिच्यात मावणारे नव्हते, ते बिस्किटांच्या डब्यात गेले. तीन मण्यांचे लांबट नग पेटीत. कार्बन डायऑक्साइड खाचेत झकास बसला. पाणी बसेना. मध्ये लोकरीचा गोळा, दोन बाजूंना दोन मणी, आणि दोन्ही मणी एकाच अंगाला झुकलेले. मामांनी तो नग डोळ्यांसमोर धरला आणि त्यांना वाईट वाटलं. टोपलीत दबला असेल बिचारा. पोरीच्या चाचणीचं सामान, आणि असं वाकडं?

त्यांनी अंगठ्यानं दाबून तार सरळ केली. टेबलाच्या कडेला लावून बघितली. मग खाचेत ठेवली आणि झाकण लावलं.

लिंबाखाली दोरी घेऊन फिरणारा माणूस तोच, आणि हे करणाराही तोच. पण पालाचं ज्ञान डोक्याच्या एका कप्प्यात होतं आणि सरळपणाची सवय दुसऱ्या. माणसाच्या डोक्यात असे कितीतरी कप्पे शेजारी शेजारी असतात आणि त्यांची एकमेकांशी ओळख नसते.

बारा दिवस प्रेरणा रोज चार वाजता आली, खिडकीजवळच्या स्टुलावर बसली आणि रेणू हातात घेऊन पुटपुटत राहिली. एका कानात फोनची वायर, फोन तिला पुस्तक वाचून दाखवायचा. फोनचं वाचणं म्हणजे आनंदच होता. सूत्रं आली की तो अडखळायचा, आकृती आली की ‘चित्र’ एवढंच म्हणून पुढं जायचा, आणि एकदा तर त्यानं अमोनियाच्या जागी भलतंच काही वाचलं. एके दिवशी ती पाण्याचा नग बराच वेळ चाचपत बसली होती. मग म्हणाली, “मामा, पाणी हेच ना? चिठ्ठी चुकून दुसऱ्याची तर नाही बांधली गेली?”

मामांनी लांबूनच बघितलं. लोकर मध्ये, मणी दोन्हीकडं. “तेच हाये पोरी. माझ्या कपाटात चिठ्ठी चुकत नाय.”

“बरं,” ती म्हणाली, आणि नग पुन्हा खाचेत ठेवला.

चाचणीच्या दिवशी तनुजा मॅडम परतल्या नव्हत्या, काम लांबलं होतं. रामप्रसाद सरांनी प्रेरणाची तोंडी परीक्षा प्रयोगशाळेतच घ्यायची ठरवली. टेबलावर पेटी, बिस्किटांचा डबा, सरांसमोर गुणपत्रिका आणि तिच्याखाली आर्ट्सच्या बदलीचा कोरा अर्ज. मामा कपाटाशी उभे होते. त्यांनी सकाळीच खंडोबाला नारळ बोलला होता.

“सोप्यापासून सुरुवात करू,” सर म्हणाले. “पाणी. पोलर आहे की नाही?”

प्रेरणानं पेटीतून नग काढला, चिठ्ठी वाचली, बोटं तारेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेली. थोडी थांबली. मग म्हणाली, “नाही, सर.”

“का?”

“ऑक्सिजन मध्ये आहे, दोन हायड्रोजन बरोबर समोरासमोर. ऑक्सिजन दोघांकडून ओढतो, पण दोन्ही ओढी एका रेषेत, उलट्या दिशेनं, सारख्याच. त्या एकमेकींना मोडतात. त्यामुळं रेणूला टोकं उरत नाहीत.”

सरांनी चष्मा काढला. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं. “प्रेरणा, सगळ्या रसायनशास्त्रात सगळ्यात ओळखीचा पोलर रेणू पाणी आहे. हेच जर निसटलं असेल तर पुढचं विचारण्यात अर्थ नाही. तुझी चूक नाही ही. मी तुझ्या वडिलांना आधीच बोललो होतो.” त्यांनी गुणपत्रिका बाजूला केली आणि खालचा अर्ज वर घेतला.

प्रेरणानं नग दोन्ही हातांत घट्ट धरला होता.

मामांना ‘समोरासमोर’ आणि ‘एका रेषेत’ हे दोन शब्द ऐकू आले आणि त्यांच्या डोक्यातल्या त्या दोन कप्प्यांमधली भिंत पडली. लिंबाखालचा बांबू, दोरी घेऊन आपण फिरलो ती जागा, टोपलीतला झुकलेला नग, अंगठ्याखाली सरळ झालेली तार. कपाटाचा आधार घेऊन ते म्हणाले, “सर, पोरीचं चुकलं नाय. ती तार म्या सरळ केलीय.”

“काय?”

“म्याडमनी वाकडीच करून ठिवली व्हती. मला वाटलं दबली. पेटीत बसना, म्हनून सरळ केली. बारा दिवस तिच्या हातात चुकीचं पानी व्हतं.”

सरांनी त्यांच्याकडं पाहिलं. “मल्हारी, तुम्हाला तिची दया येते, मलाही येते. पण तुमच्या हातून एकतीस वर्षांत चुकीची बाटली गेली नाही, हे तुम्हीच दरवर्षी सांगता. आणि आज नेमकी गेली?”

“आज गेली,” मामा म्हणाले. “लिहून देतो. माझ्या नावावर लिवा.”

“तुम्ही लिहून दिलंत तरी तिला हा विषय कळलाय हे कसं सिद्ध होतं? नग चुकीचा होता, एवढंच होईल.”

मामांनी कपाटातून ब्युरेट काढला. मग म्हणाले, “सर, तुमी दरवर्सी पोरांना पान्याची धार दावता ती एक डाव करू द्या. तिच्या बोटावर करतो. मग जे इचारायचं ते इचारा.”

तो प्रयोग सरांचा आवडता होता, हे मामांना माहीत होतं. सरांनी मान हलवली.

मामांनी ब्युरेट स्टँडला लावला. तो ओळंब्यात आहे की नाही हे आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी पाहिलं नाही. पिंपातलं पाणी भरून तोटी सोडली, सुतासारखी बारीक धार पडू लागली. प्रेरणाचं बोट धरून त्यांनी धारेखाली आणलं. मग खिशातला प्लास्टिकचा कंगवा काढून पेटीतल्या घोंगडीच्या तुकड्यावर जोरजोरानं घासला. ऑक्टोबरची कोरडी हवा, लोकर कडकडली. कंगवा त्यांनी धारेजवळ नेला.

“सुटली,” प्रेरणा म्हणाली. “धार बोटावरून गेली.” मामांनी कंगवा मागं घेतला. “आली परत.” पुन्हा पुढं. “गेली. मामा, कुणीकडं जाते?”

“कंगव्याकडं.”

सर आता उठून जवळ आले होते. त्यांनी स्वतः दुसऱ्या ब्युरेटमध्ये रॉकेल भरलं, कंगवा घासला आणि तेच केलं. प्रेरणाच्या बोटावर रॉकेलची धार हलली नाही. तिनं बोट पुसलं, वास घेतला आणि पाण्याचा नग पुन्हा हातात घेतला. मामांना वाटलं, आता ही रडणार.

“सर,” ती म्हणाली, “मी दिलेलं उत्तर चुकलं. पाणी पोलर आहे. कंगवा त्याला ओढतोय म्हणजे त्याला टोकं आहेत. मग हा नग खोटा आहे. सरळ असता तर ओढी मोडल्या असत्या.” तिनं दोन अंगठे लोकरीच्या गोळ्यावर ठेवले आणि तार वाकवली. “पाणी असं असणार. किती वाकडं ते मला माहीत नाही, पण सरळ नक्की नाही.”

“वाकडं कशामुळं?” सरांनी विचारलं. त्यांचा आवाज आता परीक्षकाचा नव्हता.

तिनं बिस्किटांच्या डब्यातून अमोनिया शोधून काढला, तीन पायांच्या तिवईसारखा. “मॅडमनी सांगितलं होतं, ह्याच्या डोक्यावर इलेक्ट्रॉनची एक मोकळी जोडी आहे. ती कुणाशी बांधलेली नाही, पण जागा अडवून बसते आणि तिघांना खाली दाबते. पाण्यात ऑक्सिजनवर तशा जोड्या असणार. मला त्या हाताला लागत नाहीत, सर. पण त्या तुम्हालाही दिसत नसतील.”

रामप्रसाद सर हसले. मामांनी त्यांना प्रयोगशाळेत हसताना क्वचितच पाहिलं होतं. “नाही दिसत,” ते म्हणाले. “दोन आहेत तशा. आणि धार वळायला आणखीही कारणं असतात, ती बारावीत वाद घालायला ठेव.” त्यांनी ड्रॉवरमधून कोनमापक काढला, तिच्या हातातली तार नीट बसवली आणि तिचं बोट त्या कोनावर ठेवलं. “एकशे साडेचार अंश. आता क्लोरोफॉर्म सांग. मग कार्बन टेट्राक्लोराइड.”

तिनं दोन्ही सांगितले. चार सागरगोटे चौफेर, ओढी मोडतात, पोलर नाही. एका सागरगोट्याच्या जागी लाकडी मणी आला, तोल गेला, पोलर. सरांनी अर्ज घडी करून ड्रॉवरमध्ये सारला आणि गुणपत्रिका पुढं ओढली. “तुझं उत्तर चुकलं होतं,” लिहिता लिहिता ते म्हणाले, “विचार चुकला नव्हता. वडिलांना फोन कर.” मग मामांकडं न बघताच म्हणाले, “आणि मल्हारी, लिहून वगैरे काही द्यायचं नाही.”

सर गेले. मामांनी ब्युरेट रिकामे केले, टेबल पुसलं. एकच जागा चारदा पुसली. प्रेरणानं वैजापूरला फोन केला, पलीकडं कांद्याच्या लिलावाचा गलका चालू होता, तरी बापाचा आवाज प्रयोगशाळेभर ऐकू आला. फोन ठेवून ती काठी उघडत होती, तेव्हा मामा म्हणाले, “पोरी, तुझं वर्स गेलं असतं माझ्यामुळं. मला माफ कर.”

“मामा, खरं सांगू?” ती म्हणाली. “मला आठ दिवस वाटत होतं की काहीतरी गडबड आहे. फोननं वाचलं होतं, पाण्याचा रेणू बेंट, म्हणजे वाकडा असतो. दोनदा वाचलं. मीठ पाण्यात विरघळतं, तेही त्या सरळ तारेशी जुळत नव्हतं.”

“मंग बोलली का नाय?”

“फोनचं शंभरदा चुकतं. तुमचं एकदाही नाही, असं तुम्हीच म्हणता. मी तुम्हाला विचारलं, तुम्ही म्हणालात तेच आहे.” तिनं खांदे उडवले. “मग मी पुस्तक चुकीचं ठरवलं.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मामांनी तो सहज सोसला असता. ते स्टुलावर बसले. इतकी वर्षं ते वाक्य त्यांनी मिरवलं होतं, आणि एका पोरीनं ते खरं मानून स्वतःची अक्कल बाजूला ठेवली होती. एवढी लाज त्यांना सांडूच्या चापटीनंही वाटली नव्हती. डोळे पुसायला त्यांनी टेबलाचंच फडकं वापरलं.

“आता म्या काय म्हनतो ते ऐक,” थोड्या वेळानं ते म्हणाले. “माझ्या हातचंबी तपासून घेत जा. मी नाय म्हनलं तरी घे.”

“घेईन.”

मामांच्या नोकरीचे तेव्हा पाच महिने राहिले होते. त्या वर्षी डिसेंबरात अकरावीच्या दुसऱ्या तुकडीची मुलं पहिल्यांदाच प्रयोगशाळेत आली तेव्हा मामांनी चुकीच्या बाटलीचं ते वाक्य सांगितलं नाही. लाकडी पेटी थर्मामीटरना परत गेली, आणि पाणी बिस्किटांच्या डब्यात आलं. दर शनिवारी साफसफाई झाली की ते डबा प्रेरणापुढं ठेवत आणि तिचं होईपर्यंत कुलूप हातात घेऊन उभे राहत. ती एकेक रेणू काढून बोटांनी बघायची, घाई न करता.

पहिल्या शनिवारी तिनं चार हातांचा मिथेन उचलला, फिरवला आणि पुन्हा फिरवला.

“मामा, ह्याचा एक हात ढिला झालाय.”

मामांनी कुलूप खिशात टाकलं आणि पक्कड आणायला गेले.